आल्प्सच्या गावात पाच रात्री: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात मी गिमेलवाल्ड नावाच्या स्विस गावात पाच रात्री राहून केलेल्या चालण्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं, आणि त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी दादरची, सह्याद्रीत तीस वर्षं हिंडतेय, आल्प्समध्ये तीनदा जाऊन आलेय आणि तिन्ही वेळा एकाच गावात मुक्काम ठोकून. त्यामुळे जे पायाखालून गेलंय तेवढंच सांगते.

मुलुंडहून एक वाचक लिहितात: ताई, नमस्कार. आम्ही चौघं आहोत, मी, मिस्टर, सासूबाई (वय ६४) आणि ११ वर्षांचा मुलगा. टूरवाले ९ दिवसांत ५ देश दाखवतायत. मला आणि मुलाला ट्रेकची आवड आहे, राजमाची, कोराईगड झालेत. एकाच गावात राहिलो तर पैसे वाया गेल्यासारखं होईल असं मिस्टरांचं म्हणणं. सासूबाईंना झेपेल का? मे महिन्याच्या सुट्टीत जायचा विचार आहे.

पहिल्यांदा मे महिन्याचंच बोलू कारण तिथेच बहुतेक मुंबईकर फसतात. आपल्याला मे म्हणजे सुट्टी, पण आल्प्समध्ये मे म्हणजे अधलामधला काळ, स्कीवाले गेलेले असतात, चालणारे अजून आलेले नसतात, वरच्या वाटांवर बर्फ तसाच असतो, डोंगरातल्या हट्स (चालणाऱ्यांच्या मुक्कामाच्या जागा) बंद असतात आणि कितीतरी रोपवे याच दिवसांत दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. खाली दरीत फुलं छान असतात, नाही म्हणत नाही, पण तुम्हाला चालायचंय. वरच्या वाटांसाठी जुलैचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हा खरा सीझन. शाळेचं गणित बसत नसेल तर निदान जूनचा पहिला पंधरवडा धरा, तेव्हा खालच्या आणि मधल्या वाटा बऱ्याचशा मोकळ्या झालेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीचं तर मनातही आणू नका, नोव्हेंबरमध्ये ही गावं दार लावून बसलेली असतात. गणपतीचे दिवस हवामानाच्या दृष्टीने सगळ्यात उत्तम, पण ज्यांच्या घरी गणपती आहे त्यांना मी काय सांगणार, आम्हीही विसर्जन करूनच निघालो होतो.

आता सासूबाई. गिमेलवाल्डची उंची १,३६३ मीटर आहे म्हणजे जवळपास आपलं महाबळेश्वर. त्याच्या वरचं म्युरन १,६३८ मीटरवर, आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे उंचीचा त्रास व्हायचं काहीच कारण नाही, महाबळेश्वरला ज्यांना धाप लागत नाही त्यांना इथेही लागणार नाही. झुरिकला उतरलात की ट्रेनने इंटरलाकेन, तिथून लाउटरब्रुनन, मग बसने दरीच्या टोकाला श्टेखेलबर्ग आणि तिथून रोपवेने गावात. गावात गाड्या नाहीत. शंभरेक माणसांची वस्ती, काळपट पडलेली लाकडी घरं, घराला टेकून रचलेली जळाऊ लाकडं आणि समोर एकदम युंगफ्राउचा कडा, ४,१५८ मीटर. मधे फक्त दरी. सासूबाई बाकावर नुसत्या बसून राहिल्या तरी त्यांचा दिवस जाईल, आणि हे मी माझ्या आईला तिथे तसं बसलेलं बघून सांगतेय, दुपारभर ती एक शब्द बोलली नव्हती आणि संध्याकाळी म्हणाली, उद्या पण इथेच बसूया.

त्यांना चालायचं असेल तर लाउटरब्रुननहून रोपवेने ग्रुट्शाल्पला वर जा आणि तिथून म्युरनपर्यंत चाला. साधारण पाच किलोमीटर, चढ अगदी थोडा, जंगलातून नि कुरणांतून जाणारी रुंद वाट, आणि ही वाट छोट्या ट्रेनच्या रुळांच्या जवळूनच जाते त्यामुळे मधेच दमल्या तर विंटरएग नावाच्या स्टेशनवर बसवून द्यायचं, पुढचं स्टेशन म्युरनच. यापेक्षा सोयीची वाट मला ठाऊक नाही. तोपर्यंत तुम्ही आणि चिरंजीव म्युरनच्या वर आल्मेंडहुबेलला जा, तिथून एक वळसा घेऊन खाली उतरता येतं, दोन-अडीच तासांचं काम, आणि संपूर्ण वेळ आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिघं समोर उभे.

पावसाचा दिवस निघेल, निघतोच, त्या दिवशी दरीत उतरून ट्र्युमेलबाखचे धबधबे बघा. ते डोंगराच्या पोटात आहेत. वरच्या तीन शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी एकाच फटीतून येतं, सेकंदाला २०,००० लीटरपर्यंत, आणि त्या बोगद्यात उभं राहिलं की पायाखालचा दगड थरथरतो. मुलाला नक्की दाखवा.

पैसे वाया जातील असं वाटणाऱ्यांना एवढंच सांगेन की ९ दिवसांत ५ देश केले की निम्मा वेळ बसच्या खिडकीतून आणि उरलेला हॉटेलच्या लॉबीत बॅगा मोजण्यात जातो. कोकणात मामाच्या घरी महिनाभर राहिलेल्या मुलाला गाव आठवतं, गाडीतून कोकण बघितलेल्याला फक्त वळणं आठवतात. पाच रात्री एका ठिकाणी राहिलात की तिसऱ्या दिवशी पाववाली तुम्हाला ओळखते, कुठल्या घरची मांजर कुठे झोपते ते मुलाला कळतं, आणि डोंगर रोज वेगळा दिसतो हे तेव्हाच लक्षात येतं. खर्चाचं म्हणाल तर स्वित्झर्लंड महाग आहे, त्यात खोटं काय बोलायचं. पण किचन असलेलं छोटं अपार्टमेंट घेतलं, लाउटरब्रुननच्या सुपरमार्केटमधून सामान आणलं आणि हाफ फेअर कार्ड काढलं तर बरंच आवाक्यात येतं, या कार्डावर ट्रेन, बस आणि बहुतेक रोपवेंची तिकिटं अर्ध्या किमतीत मिळतात. रोज नवीन शहर गाठायचं नसलं की मोठ्या पासचे पैसेही वाचतात.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर तेव्हापासूनच अपॉइंटमेंट बघायला लागा, उन्हाळ्यात मुंबईत तारखा मिळता मिळत नाहीत. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण व्हिसापुरता घेऊन मोकळं होऊ नका. बारीक अक्षरात हायकिंग कव्हर आहे का, किती उंचीपर्यंत आहे, हेलिकॉप्टरने उचलून न्यायचा खर्च आहे का, हे वाचा. तिकडे डोंगरात अडकलात तर १४१४ वर फोन केला की रेगा या हवाई बचाव संस्थेचं हेलिकॉप्टर येतं, आणि त्याचं बिल कव्हर नसेल तर तुम्हालाच भरावं लागतं.

चेंबूरहून एक तरुण वाचक: मी आणि माझे मित्र हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने, हरिहर, अलंग-मदन-कुलंग असं सगळं केलंय. आल्प्सच्या वाटा म्हणे रंगवलेल्या असतात आणि पाट्या असतात, मग आमच्यासाठी फारच सोपं होईल ना? गाईड लागेल का?

मित्रा, नळीची वाट केलीयेस म्हणजे पाय आणि डोकं दोन्ही शाबूत आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण सह्याद्रीत आपण ज्याच्याशी झगडतो ते वेगळं आणि तिथलं वेगळं. आपल्याकडे उन्हाचा ताप, घसारा, वाट हरवणं. तिथे वाट सहसा हरवत नाही पण हवा हरवते. सकाळी आठला कोवळं ऊन, दुपारी दोनला काळेभोर ढग, तीनला विजा. जुलै-ऑगस्टमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की तिकडचे लोक पहाटे निघतात आणि दुपारी परत येऊन सूप पीत बसतात. आपली सवय म्हणजे कसारा लोकलने जायचं, दहाला चढायला सुरुवात, ती तिकडे चालत नाही. आणि दर शंभर मीटरला अर्ध्या डिग्रीहून जास्त पारा उतरतो, त्यामुळे गावात टी-शर्टवर फिरणारा माणूस २,५०० मीटरवर कुडकुडतो, ऑगस्टमध्येसुद्धा तिथे बर्फ पडू शकतो. कॉटनचे कपडे घरी ठेव. लोकरीचं किंवा फ्लीसचं काहीतरी, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, टोपी, पातळ हातमोजे, एवढं सॅकमध्ये असलंच पाहिजे, खाली कितीही ऊन असो.

पाट्यांचं नीट समजून घे. स्वित्झर्लंडमध्ये ६५,००० किलोमीटरहून जास्त चालायच्या वाटा आहेत आणि सगळ्यांना एकच पद्धत. नुसता पिवळा रंग म्हणजे साधी वाट, सासूबाईंनाही जमेल अशी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, उभी, अरुंद, कुठे कुठे बाजूला दरी, बूट चांगले हवेत, नजर फिरत असेल तर जाऊ नये. आणि पांढरा-निळा-पांढरा म्हणजे तिथे हात टेकावे लागतील, हिमनदी किंवा कडा ओलांडावा लागेल, कदाचित दोरही लागेल. पहिल्या दोन रंगांवर तुम्हाला गाईड लागणार नाही. निळ्यावर पहिल्याच ट्रिपला जाऊ नका, गाईडशिवाय तर नाहीच, आणि हे मी तुमचं कसब कमी लेखून म्हणत नाहीये, जुन्या बर्फाच्या पट्ट्यावर पाय घसरला तर काय करायचं हे सह्याद्री शिकवत नाही म्हणून म्हणतेय.

त्या पिवळ्या पाटीवर किलोमीटर नसतात, वेळ असते, हे मला सगळ्यात आवडतं. गावाच्या मधोमध एक खांब, त्याला चहूबाजूंनी टोकदार पिवळ्या पट्ट्या, म्युरन इतकी मिनिटं, श्टेखेलबर्ग इतके तास, आणि खांबावरच त्या जागेचं नाव नि उंची. ही वेळ सपाटीवर तासाला ४.२ किलोमीटर या हिशोबाने काढलेली असते, चढ-उतार धरून, पण थांबायचा वेळ त्यात नाही. म्हणजे फोटो, पाणी, डबा, सगळं वेगळं धर. पहिल्या दिवशी एक वाट चालून बघ, पाटीवर दोन तास आणि तुला अडीच लागले तर पुढच्या प्रत्येक पाटीला तोच हिशोब लाव. शेवटची रोपवे किती वाजता आहे ते सकाळीच वाच, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव. जुलैत तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे अजून खूप वेळ आहे असं वाटत राहतं आणि रोपवे मात्र वेळेवर बंद होते.

तुमच्यासारख्यांना मी एक वाट सुचवेन. गिमेलवाल्डहून झेफिनेनची दरी धरून रोटश्टॉकह्युटे ही हट, २,०३९ मीटर, तिथे रात्री राहायचं, आणि हवा चांगली असेल तर दुसऱ्या दिवशी झेफिनेनफुर्गे खिंड, २,६१२ मीटर, बघून परत. पांढऱ्या-लाल पट्ट्याची वाट आहे, खिंडीच्या अलीकडे भुसभुशीत घसारा आहे ज्यावर तुम्ही हसत जाल, पण उतरताना गुडघ्यांचं बघा, काठ्या न्या. हटमध्ये बुकिंग करूनच जायचं, दारात बूट काढायचे आणि तिथल्या चपला घालायच्या, आपली स्वतःची पातळ स्लीपिंग लायनर न्यायची, रोख फ्रँक बरोबर ठेवायचे. जेवण सगळ्यांना एकाच वेळी मिळतं, साडेसहाच्या आसपास, आणि रात्री दहाला दिवे बंद. दहा म्हणजे दहा. पहाटे चारला उठून शिखरावर जाणारे लोक शेजारच्या बेडवर झोपलेले असतात.

आणि ब्लूटूथ स्पीकर नेऊ नका. हे तुम्हाला उद्देशून नाही, सगळ्यांनाच सांगतेय. राजगडावर, कळसूबाईवर रविवारी आपण काय ऐकतो ते तुम्हाला माहीत आहे. गिमेलवाल्डमध्ये संध्याकाळी काय ऐकू येतं सांगू? लांबच्या धबधब्याचा एकसारखा आवाज, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आणि मधूनच समोरच्या कड्यावरून बर्फ कोसळल्याची गडगड, जी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. यासाठी आपण एवढे लांब जातो.

विलेपार्ल्याहून: आम्ही पूर्ण शाकाहारी, माझ्या वहिनी जैन आहेत. गावात काय खायचं? इथून काय नेऊ? तूप, लाडू, ठेपले चालतात का?

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, जैन असाल तर थोडी तयारी लागेल. र्‍योश्टी म्हणून पदार्थ आहे तो म्हणजे आपल्या उपासाच्या बटाट्याच्या किसाचा मोठा भाऊ, किसलेला बटाटा तव्यावर दाबून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला, फक्त जिरं-मिरची-दाण्याचं कूट नाही. एल्पलरमाग्रोनन म्हणजे मॅकरोनी, बटाटा, चीज, क्रीम आणि वर तळलेला कांदा, बाजूला सफरचंदाचा गोड गर, डोंगरातून उतरून आल्यावर हे ताट समोर आलं की काही बोलायला नको. पण दोन गोष्टी विचारून घ्या. एक म्हणजे सूप, भाज्यांचं दिसलं तरी त्यात मांसाचा रस्सा असू शकतो, आणि या दोन्ही पदार्थांत कधी कधी बेकनचे तुकडे घालतात. दुसरं म्हणजे चीज. तिकडच्या पारंपरिक चीजमध्ये बहुतेक वेळा वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट असतं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि नंतर कळलं की फार वाईट वाटतं, म्हणून आधीच सांगते, वहिनींना नक्की सांगा. हटमध्ये राहणार असाल तर शाकाहारी आहोत हे बुकिंगच्या वेळीच कळवायचं, तिथे आयत्या वेळी दुसरं काही करून देणं शक्य नसतं, सामान हेलिकॉप्टरने किंवा पाठीवरून वर आलेलं असतं.

इथून नेताना मांस आणि दुधाचे पदार्थ नकोत. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना ते स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे, त्यामुळे तूप, पनीर, पेढे, बर्फी हे सगळं घरी. तुपातले लाडूही मी नेत नाही. तेलातले ठेपले, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, छोटी मसाल्याची डबी, एवढं घेतलं की किचन असलेल्या घरात खिचडी होते, मेतकूट-भात होतो. लोणी तिकडे असं मिळतं की कढवून घरच्यासारखं तूप होतं, मी दोनदा केलंय. फोडणी देताना खिडकी उघडा, घर लाकडी आहे, वास महिनाभर राहतो आणि पुढच्या पाहुण्याला ते घर मिळणार असतं.

शनिवारी पोचत असाल तर वाटेतच सामान घ्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद, आणि छोट्या गावांत रोजसुद्धा दुपारी दुकान तास-दोन तास बंद असतं. एखाद्या शेतघराच्या दाराशी चीज, अंडी, जॅम मांडलेलं दिसेल, किंमत लिहिलेली, पैसे टाकायला डबा, आणि माणूस कोणी नाही. मोजून पैसे टाका, सुट्टे नसतील तर घेऊ नका. पाणी विकत घ्यायची गरज नाही, गावच्या लाकडी कुंडातलं पाणी पितात, जिथे पिण्याचं नसेल तिथे तशी पाटी असते.

ठाण्याहून एक आई: माझी ७ वर्षांची मुलगी गाईंना घाबरते. वाटेत गाई असतात म्हणे?

असतात, वाटेवरच असतात. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर चढवतात, आपले धनगर मेंढरं घेऊन हिंडतात तसं, आणि सप्टेंबरमध्ये फुलांनी सजवून खाली आणतात, पोळ्याचीच आठवण होते. साध्या दुभत्या गाई बिचाऱ्या बघतही नाहीत. वासरू बरोबर असलेली गाय मात्र वेगळी, तिच्यापासून लांबून वळसा घालून जायचं, वासराला हात लावायचा नाही, काठी हलवायची नाही, पळायचं नाही. बरोबर कुत्रं असलेल्यांवर त्या जास्त धावतात, तुमच्याकडे नसणार. मुलीला आपल्या आतल्या बाजूला, डोंगराकडे ठेवा. कुंपणाच्या तारेत हलका करंट असतो, तिला आधी दाखवून ठेवा. आणि फाटक उघडलं तर मागे लावायचं, हे काम तिलाच द्या, लहान मुलांना असं काम दिलं की भीती पळते.

त्यावरून गवताचं सांगते कारण हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. गुडघाभर गवत, त्यात पिवळी-जांभळी फुलं, आपल्याला वाटतं कास पठार, आत शिरून फोटो काढावा. मी शिरले होते. वरच्या उतारावर एक आजोबा लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापत होते, उतार इतका उभा की तिथे मशीन नेता येत नाही. ते थांबले, कमरेला अडकवलेल्या डबीतून धार लावायचा दगड काढला, डबीत पाणी होतं, ओला दगड पात्यावरून दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा ओढला, सर्र सर्र, आणि मग माझ्याकडे बघून हाताने फक्त खूण केली, बाहेर ये. रागावले नाहीत. नंतर घरमालकिणीने समजावलं की ते गवत म्हणजे हिवाळाभराची वैरण, पायाखाली तुडवलेलं आडवं पडतं आणि मग विळा त्यावरून नुसता घसरतो, कापतच नाही. भाताच्या खाचरात कोणी फोटोसाठी उतरलं तर आपल्या शेतकऱ्याला कसं वाटेल तसंच ते. त्या दिवसापासून मी पिवळ्या पाटीच्या वाटेवरून बाहेर पाय टाकलेला नाही.

बोरिवलीहून: लाउटरब्रुनन आधी झालंय, गर्दी फार वाटली. आणखी शांत काही?

लाउटरब्रुननमध्ये गर्दी असतेच, २९७ मीटरचा श्टाउबबाख धबधबा फोटोत आला की लोक तिथेच थांबतात. त्याच दरीच्या टोकाला ओबरश्टाइनबेर्गच्या डोंगरी हॉटेलात एक रात्र राहा, १,७७८ मीटरवर, चालतच जावं लागतं, वीज नाही, खोलीत मेणबत्ती. दुसरं, देशाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, इटलीच्या सीमेजवळ ब्रेगालिया खोऱ्यात सोल्यो नावाचं गाव आहे, १,०९० मीटर, चेस्टनटची झाडं, दगडी छपरं, अरुंद बोळ. सेंट मोरित्झहून पोस्टाच्या पिवळ्या बसने मालोया खिंड उतरून जायचं, शेवटी बस बदलावी लागते. सेगांतिनी नावाचा चित्रकार तिथे हिवाळ्यात राहायचा, तो या गावाला स्वर्गाचा उंबरठा म्हणायचा. कासाच्चाहून सोल्योपर्यंत चालत येणारी वाट आहे, पूर्ण दिवसाची, पांढऱ्या-लाल खुणांची, समोर सतत पित्झ बादिलेचा सुळका. जरूर जा.

गिरगावहून एक आजोबा: मुलगी-जावई आणि नातवंडं येत्या वर्षी आल्प्समधल्या गावात राहायला जातायत. मागे ब्लाटेन नावाचं अख्खं गाव दरडीखाली गेल्याचं वाचलं तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही खरं सांगा, पाठवू का?

आजोबा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

ब्लाटेन लोचेनटाल खोऱ्यातलं, ३०० माणसांचं गाव. २८ मे २०२५ ला वरचा डोंगर खचून हिमनदीवर आला आणि ती हिमनदीच तुटून गावावर कोसळली, बहुतेक सगळं गाव गाडलं गेलं. पण गावातली माणसं त्याआधी नऊ-दहा दिवसांपासूनच बाहेर काढलेली होती, गाईसुद्धा, कारण डोंगर हलतोय हे मोजणाऱ्यांना दिसत होतं. एक माणूस गेला. तसंच २३ ऑगस्ट २०१७ ला, मी वर सोल्यो लिहिलंय ना, त्याच्या समोरच्या बाजूला पित्झ चेंगालोचा कडा कोसळला, खालच्या बोंडो गावात चिखलाचा लोंढा शिरला, गावातली माणसं वाचली पण वरच्या दरीत चालणारे ८ जण गेले. उंचावरच्या खडकाच्या फटींत वर्षानुवर्षं गोठलेलं पाणी असतं, तेच खडक धरून ठेवतं, हवा तापतेय तशी ती पकड सुटतेय. हे लपवण्यासारखं नाही, तिकडचे लोकही लपवत नाहीत.

आपण हे वाचताना मनात माळीण येतं, ३० जुलै २०१४. आणि मला तर इर्शाळवाडी येते, १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाला जाताना किती वेळा त्या वाडीत थांबलोय, तांब्याभर पाणी मागून घेतलंय, परतताना अंगणात बसून चहा प्यायलोय. मुंबईतला प्रत्येक ट्रेकर कुठल्या ना कुठल्या वाडीचं असं देणं लागतो. त्या रात्री वाडीला सांगायला कोणी नव्हतं. ब्लाटेनला होतं, हाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

म्हणून माझं उत्तर, पाठवा. पण लेकीला एवढं सांगा. पोचल्याच्या पहिल्या संध्याकाळी घरमालकिणीला विचारायचं, कुठली वाट बंद आहे, कुठल्या ओढ्याजवळ जायचं नाही, यंदा वर काय झालंय. त्यांना हे विचारलेलं आवडतं, कागदावर रेघोट्या मारून दाखवतात. वाटेवर गेश्पेर्ट, म्हणजे बंद, असं लिहिलेली पाटी किंवा आडवी बांधलेली फीत दिसली की ती दहा पावलांवर संपत असली तरी मागे फिरायचं, त्या सोल्योच्या भागात तीच पाटी इटालियनमध्ये असते, कियूझो. ओढ्याच्या पात्रात जेवायला बसायचं नाही. विजा सुरू झाल्या की उघड्या धारेवरून खाली यायचं, एकटं झाड टाळायचं. अडकलात आणि फोनला रेंज नसेल तर शिट्टीने नाहीतर टॉर्चने मिनिटात सहा वेळा खूण करायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा, आणि उत्तर म्हणून मिनिटात तीन खुणा आल्या की समजायचं कोणीतरी ऐकलंय. हे नातवंडांना तुम्हीच शिकवा, गिरगाव चौपाटीवर एखाद्या संध्याकाळी शिट्टी घेऊन गेलात तरी होईल.